सक्तीने उघडे ठेवलेले डोळे

सांगलीच्या एका वाचक भगिनींच्या दीर्घ पत्राचा सारांश असा :

माझा मुलगा एकोणीस वर्षांचा असून पुण्याला वसतिगृहात राहून अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाला शिकतो. सुट्टीत घरी आल्यावर त्याने आपल्या खोलीत 'अ क्लॉकवर्क ऑरेंज' या इंग्रजी चित्रपटाचे पोस्टर लावले. काळी टोपी, एका डोळ्याला खोट्या पापण्या आणि हातात सुरा घेतलेला एक तरुण त्यावर आहे. हा आपला सर्वांत आवडता चित्रपट आहे, असे तो म्हणाला. तो पुण्याला परत गेल्यावर मी एकटीने तो चित्रपट पाहायला घेतला. चार मुले एका लेखकाच्या घरात घुसतात आणि गाणे म्हणत म्हणत त्याच्या पत्नीवर अत्याचार करतात, तिथे मी तो बंद केला. दोन दिवस मला अन्न गोड लागले नाही. मुलाच्या मित्रांच्या व्हॉट्सॲप गटाचे नाव 'ड्रूग्स' आहे, हेही मला अलीकडेच कळले. यजमान म्हणतात, पोस्टर फाडून टाक. त्यांनी मुलाच्या फोनमध्ये त्याच्या नकळत एक ॲप टाकले आहे. तो कुठे जातो आणि काय पाहतो, ते त्यांना घरबसल्या दिसते. माझ्या मुलाच्या मनात हिंसा आहे का? पोस्टर काढू का? आणि त्याच्याशी बोलायचे तर काय बोलू?

सप्रेम नमस्कार.

ज्या गोष्टीने तुम्हाला रात्रभर जागवले, ती आधी दूर करते. 'ड्रूग्स' हे 'ड्रग्ज'चे वेगळे रूप नव्हे. रशियन भाषेत मित्राला 'द्रुग' म्हणतात. हा चित्रपट ज्या कादंबरीवर आधारलेला आहे, ती अँथनी बर्जेस या इंग्रज लेखकाची कादंबरी १९६२ साली प्रसिद्ध झाली. तिच्यातील तरुण पोरांसाठी त्याने रशियन शब्द मोडूनतोडून इंग्रजीत मिसळले आणि एक स्वतंत्र बोली घडवली. रशियनमध्ये अकरा ते एकोणीस या संख्यांच्या शेवटी जो प्रत्यय येतो, त्यावरून त्या बोलीला 'नॅडसॅट' हे नाव पडले. म्हणजे ती पोरवयाचीच बोली आहे. वसतिगृहातल्या चार मुलांनी आपल्या गटाला त्या बोलीतला 'मित्र' हा शब्द दिला, इतकाच त्या नावाचा अर्थ आहे. चित्रपटातील मुले मादक द्रव्य मिसळलेले दूध पितात, हे मात्र खरे. त्यामुळे व्यसनाविषयी मनात शंका असेलच तर मुलाला सरळ विचारा, पण एवढ्या नावावरून निष्कर्ष काढू नका.

आता तुम्ही ज्या दृश्यापाशी थांबलात, त्याविषयी. पत्रात तुम्ही दोनदा लिहिले आहे, 'कदाचित मीच जुन्या वळणाची असेन.' तसे अजिबात समजू नका. मी तो चित्रपट पहिल्यांदा पाहिला तो एका मैत्रिणीच्या घरी, भाड्याने आणलेल्या व्हीसीआरवर, आणि मीही नेमकी त्याच दृश्याला उठून स्वयंपाकघरात जाऊन बसले होते. बाहेर बसलेले सगळे जण सुशिक्षित, चित्रपटांची उत्तम जाण असलेले होते. कॅमेरा कसा फिरतो, संगीत कसे योजले आहे, यावर ते बोलत होते आणि मला त्या बोलण्याचाही राग येत होता. पुढे अनेक वर्षांनी, समुपदेशनाच्या कामात काही तरुण मुलांशी या विषयावर बोलण्याची वेळ आली, तेव्हा मी तो शेवटपर्यंत पाहिला. त्या दुसऱ्या वेळी माझे मत बदलले, पण पहिल्या वेळची किळस चुकीची होती असे मला आजही वाटत नाही, आणि तुमचीही चुकीची नाही. ती घेऊनच मुलाशी बोलायला बसा.

तुम्ही हा चित्रपट पुन्हा पाहावा असा माझा मुळीच आग्रह नाही, म्हणून उरलेली कथा सांगते. कारण तुमच्या मुलाला जे आवडले आहे ते बहुधा तुम्ही न पाहिलेल्या भागात असावे. ॲलेक्स नावाचा हा तरुण पुढे एका बाईचा खून करतो, त्याचे सोबती त्याला दगा देतात आणि त्याला चौदा वर्षांची शिक्षा होते. दोन वर्षांनी त्याला कळते की सरकारने एक नवा उपचार काढला आहे आणि तो घेतला तर पंधरवड्यात सुटका होते. तो आनंदाने सही करतो. उपचार असा की रोज एक औषध टोचायचे, खुर्चीला बांधायचे, पापण्या मिटू नयेत म्हणून डोळ्यांना चिमटे लावायचे आणि हिंसेची दृश्ये दाखवत राहायचे. औषधामुळे जीव नकोसा करणारी मळमळ होते आणि काही दिवसांतच हिंसेच्या नुसत्या विचाराने तीच मळमळ आपोआप उठू लागते. (त्या दृश्याच्या चित्रीकरणात माल्कम मॅक्डॉवेल या नटाच्या बुबुळाला खरोखरच ओरखडा गेला होता, आणि शेजारी उभा राहून त्याच्या डोळ्यांत थेंब सोडणारा माणूस खराखुरा डॉक्टर होता.) ॲलेक्सला बेथोव्हेनचे संगीत प्राणापलीकडे प्रिय असते. दाखवलेल्या चित्रफितींपैकी एकीला बेथोव्हेनच्या नवव्या सिंफनीची पार्श्वभूमी असल्याने तिचीही त्याला तशीच शिसारी बसते. डॉक्टरांचा तो हेतू नसतो. पण झाले ते झाले, असे म्हणून ते पुढे जातात.

मग त्याला रंगमंचावर उभे करून पाहुण्यांना दाखवतात. एक माणूस त्याला मारतो आणि उलट हात उगारता न आल्यामुळे तो त्याच्या बुटाचा तळवा चाटतो. मंत्री खूश होतात. त्या वेळी तुरुंगाचे धर्मोपदेशक उठतात. ते म्हणतात, या मुलाला आता निवडच उरलेली नाही. तो वाईट वागत नाही, कारण वाईट वागणे त्याच्या शरीराला जमत नाही, आणि ज्याला निवडता येत नाही त्याच्या चांगुलपणाला अर्थ काय? मंत्र्यांचे उत्तर साधे आहे. त्यांना गुन्हे कमी करायचे आहेत आणि तुरुंगांतली गर्दी हटवायची आहे, नीतीच्या खोल प्रश्नांशी त्यांना कर्तव्य नाही.

चित्रपटाचा गाभा हा एवढाच प्रश्न आहे, आणि तो कोणा रिकामटेकड्या कलावंताच्या डोक्यातून निघालेला नाही, हे मला तुम्हाला आवर्जून सांगायचे आहे. ज्या इंग्लंडमध्ये ही कादंबरी लिहिली गेली, त्याच इंग्लंडमध्ये १९५२ साली ॲलन ट्यूरिंग या थोर गणितज्ञाला समलैंगिक संबंधांसाठी दोषी ठरवून तुरुंग की कामेच्छा दडपणारी संप्रेरकांची इंजेक्शने अशी निवड देण्यात आली होती. त्याने इंजेक्शने स्वीकारली आणि दोन वर्षांत त्याचा मृत्यू झाला. त्या काळात तिथल्या रुग्णालयांत समलैंगिक पुरुषांना उलटी आणणारे ॲपोमॉर्फिन टोचून पुरुषांची छायाचित्रे दाखवण्याचे 'उपचार' होत असत. अमेरिकेत आयोवा राज्यातील मनोरुग्ण कैद्यांच्या एका संस्थेत तर शिवी दिली, वेळेवर उठले नाही, खोटे बोलले, अशा कारणांसाठी कैद्यांना तेच औषध टोचले जाई; चित्रपट येऊन दोन वर्षे झाल्यावर, १९७३ साली, तिथल्या केंद्रीय अपील न्यायालयाने निकाल दिला की कैद्याच्या जाणत्या संमतीवाचून असे करणे ही क्रूर शिक्षा आहे आणि दिलेली संमतीही त्याला केव्हाही मागे घेता आली पाहिजे.

आणि आपल्याकडचे? एसटी स्थानकाच्या भिंतींवर 'रुग्णाच्या नकळत दारू सोडवा' अशा जाहिराती तुम्ही नक्कीच वाचल्या असतील. दारू पिताच मळमळ व्हावी म्हणून दिली जाणारी डायसल्फिरामची गोळी डॉक्टरांच्या देखरेखीखाली आणि रुग्णाला पूर्ण कल्पना देऊन दिली तर तिचा उपयोग होतो. पण तीच जेवणात गुपचूप मिसळली तर जिवावर बेतू शकते. असे करून बसलेल्या बायका माझ्याकडे रडत आल्या आहेत. त्यांना दोष देण्याचे माझ्याने होत नाही, कारण त्यांचे दुःख मला दिसते. तरी त्यांनी सांगितलेली एक गोष्ट मनात राहिली आहे. नवऱ्याला ते कळले त्या दिवसानंतर त्याने घरातले पाणीसुद्धा संशयाने प्यायले.

तुमच्या मुलाला या प्रश्नाने धरून ठेवले असेल, तर ती चिंतेची बाब नाही. एकोणीस वर्षांचा मुलगा घर, महाविद्यालय, परीक्षा, नोकरीची भीती अशा अनेक सक्तींमधून वाट काढत असतो, आणि 'मी चांगला आहे तो माझ्या मर्जीने, की मला तसे वळण लावले गेले म्हणून?' हा प्रश्न त्याच वयात पहिल्यांदा टोचू लागतो.

इथपर्यंत मी चित्रपटाची बाजू मांडली. आता माझी तक्रार सांगते, कारण मुलाशी बोलताना तुम्हाला ती लागेल.

दिग्दर्शक स्टॅन्ली क्युब्रिक यांनी संपूर्ण कथा ॲलेक्सच्या तोंडून सांगितली आहे. निवेदन त्याचे, विनोद त्याचे, संगीत त्याच्या आवडीचे. तो मारतो तेव्हा ती मारामारी रॉसिनी या इटालियन संगीतकाराच्या संगीतावर नृत्यासारखी बसवलेली दिसते. त्याला मारतात तेव्हा मात्र प्रत्येक फटका, प्रत्येक गुदमरणे आपल्याला लांबवर, नीट आणि अंगावर येईल असे दाखवले जाते. ज्यांच्यावर तो अत्याचार करतो ती माणसे विद्रूप, हास्यास्पद किंवा तिरसट रंगवली आहेत, आणि ॲलेक्स मात्र देखणा, हजरजबाबी, रसिक आहे. १९७२ च्या सुरुवातीलाच पॉलिन केल या अमेरिकी समीक्षक बाईंनी नेमका हाच आक्षेप घेतला होता की, चित्रपटाने ॲलेक्सला इतर सर्वांपेक्षा अधिक जिवंत करून प्रेक्षकाची सहानुभूती त्याच्याकडे वळवली आहे. मला हा आक्षेप आजही योग्य वाटतो. निवडीचे स्वातंत्र्य मौल्यवान आहे हे मला मान्यच आहे. पण ज्या घरात ती चार मुले घुसली, त्या घरातल्या बाईला कोणती निवड होती, हा प्रश्न चित्रपट विचारतच नाही. तुम्ही ज्या क्षणी पडदा बंद केलात, त्या क्षणी तुमच्या मनाने तो विचारला होता.

इथे एक माहिती तुम्हाला असावी, आणि तुमच्या मुलालाही. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, १९४४ साली, लंडनच्या अंधारलेल्या रस्त्यावर सैन्यातून पळालेल्या काही अमेरिकी सैनिकांनी बर्जेसच्या पत्नीवर हल्ला केला होता. ती त्या वेळी गरोदर होती आणि तिचा गर्भपात झाला. लेखकाच्या घरात घुसून त्याच्या पत्नीवर होणारा अत्याचार या माणसाने अठरा वर्षांनी कागदावर उतरवला, आणि तोही अत्याचार करणाऱ्याच्या तोंडून. ज्याने आपल्या माणसाला असे दुखावले, त्यालासुद्धा यंत्र बनवू नये, असे म्हणायला त्याला किती जड गेले असेल, याचा विचार मी अनेकदा करते. त्यामुळे कादंबरीतील त्या मताला जे वजन आहे, ते मला चित्रपटात सापडत नाही. बर्जेसलाही पुढे आपल्या या पुस्तकाबद्दल खंत वाटू लागली होती. चित्रपटामुळे ते हिंसेचा गौरव करणारे पुस्तक म्हणून ओळखले गेले आणि असा गैरसमज इतक्या सहज होऊ शकतो तर ते लिहायलाच नको होते, असे त्याने लिहून ठेवले आहे.

तुमच्या यजमानांच्या मनातला प्रश्न वेगळा आहे : असे चित्रपट पाहून मुले तसेच करू लागतात का? ब्रिटनमध्ये हा प्रश्न फार कडवटपणे लढवला गेला. चित्रपट तिथे जानेवारी १९७२ मध्ये प्रदर्शित झाला आणि थोड्याच काळात, मारहाणीचे खटले उभे राहिले की वृत्तपत्रे आणि वकील त्याचे नाव घेऊ लागले. एका सोळा वर्षांच्या मुलाने एका बेघर म्हाताऱ्याला मारून टाकले. त्याने पोलिसांना सांगितले की मित्रांनी आपल्याला त्या चित्रपटाविषयी आणि त्यातल्या तशाच मारहाणीविषयी सांगितले होते. क्युब्रिक यांच्या कुटुंबाला धमक्या येऊ लागल्या आणि अखेर त्यांच्याच इच्छेवरून वितरक कंपनीने ब्रिटनमधून चित्रपट काढून घेतला. सरकारने किंवा सेन्सॉरने घातलेली ती बंदी नव्हती, तरीही ती क्युब्रिक यांच्या मृत्यूपर्यंत, म्हणजे १९९९ पर्यंत टिकली आणि २००० साली तो तिथे पुन्हा पडद्यावर आला. मधल्या काळात लंडनमधील एका चित्रपटगृहाने तो गुपचूप दाखवला, त्यावरून खटला झाला, आणि ते चित्रपटगृह १९९३ साली बंद पडले. या पंचवीस-सव्वीस वर्षांत ब्रिटनमधील तरुणांनी मारामाऱ्या करणे थांबवले नाही. मी असे म्हणणार नाही की पडद्यावरच्या हिंसेचा मनावर काहीच परिणाम होत नाही. होतो, आणि आधीच दुखावलेल्या, एकट्या पडलेल्या मुलाला ती एक पोशाख, एक गाणे, एक ऐट पुरवू शकते. पण मारण्याची इच्छा ती क्वचितच पेरते. ती इच्छा बहुधा घरातून, गल्लीतून, स्वतः खाल्लेल्या मारातून आलेली असते.

म्हणून मुलाकडे पाहताना पोस्टरकडे पाहू नका, वागण्याकडे पाहा. तो मुक्या जनावरांना त्रास देतो का, दुसऱ्याच्या वेदनेत त्याला मजा वाटते का, मुलींविषयी धमकीच्या किंवा सूडाच्या भाषेत बोलतो का, पहिल्या वर्षाच्या मुलांना छळण्याच्या गोष्टी हसत सांगतो का, झोप, जेवण, मित्र हे सगळे अचानक तुटले आहे का? रॅगिंगविरोधी कायदा महाराष्ट्रात १९९९ पासून आहे, तरी वसतिगृहांतून ते पूर्ण गेलेले नाही, आणि दुसऱ्या वर्षातला मुलगा त्या साखळीच्या कोणत्या टोकाला आहे हे आईने विचारलेच पाहिजे. यातले काही दिसले, तर चित्रपट बाजूला ठेवून मनोविकारतज्ज्ञांना भेटा, किंवा पहिले पाऊल म्हणून १४४१६ या टेलिमानस क्रमांकावर बोला. तो सरकारी असून विनामूल्य आहे आणि तिथे मराठीतही बोलता येते. मात्र तुमच्या पत्रात मला यातले काहीच दिसले नाही. त्यात मला सुट्टीत आजीला स्कूटरवरून दवाखान्यात नेणारा, आणि आईने न विचारता आपल्या आवडीची गोष्ट तिला सांगणारा मुलगा दिसला. दुसऱ्या गोष्टीची किंमत कमी लेखू नका. लपवायचे असते तर त्याने ते पोस्टर वसतिगृहातच लावले असते.

यजमानांच्या ॲपविषयी मात्र मला स्पष्ट लिहावे लागेल, आणि हे पत्र तुम्ही त्यांना वाचून दाखवावे अशी माझी विनंती आहे. तुमचा मुलगा कायद्याने सज्ञान आहे. त्याच्या नकळत त्याच्या फोनमध्ये पहारेकरी बसवणे चूक आहे, आणि जो मुलगा हा चित्रपट आवडता म्हणतो त्याच्या बाबतीत तर ते फारच घातक आहे, कारण ज्या दिवशी त्याला कळेल त्या दिवशी तो आपल्या वडिलांना त्या मंत्र्यांच्या जागी पाहील. आज तो रात्री उशिरा कुठे जात नसेल, तर त्याचे श्रेय त्याला स्वतःला मिळायला हवे. उद्या ॲपचा पत्ता लागला की ते श्रेयही त्याच्याकडून हिरावले जाईल. ते काढून टाका. आणि नुसते गुपचूप काढू नका, त्याला सांगा की आम्ही घाबरलो होतो, हे केले होते, आता काढले आहे. तो चिडेल. चार दिवस फोन उचलणार नाही. तरी सांगा.

यजमानांची भीती मी समजू शकते. चांगले वळण लावणे हा आईबापांचा धर्मच आहे आणि सगळेच मुलांच्या मर्जीवर सोडायचे, असे मी म्हणत नाही. पण वळण लावणे आणि पापण्यांना चिमटे लावणे यांत जो फरक आहे, तो तुमच्याच जिल्ह्याने एकदा जगाला दाखवलेला आहे. आटपाडीजवळची स्वतंत्रपूर वसाहत तुम्हाला ठाऊक असेल. औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी आणि पोलंडहून भारतात आलेले मॉरिस फ्रीडमन यांनी १९३९ च्या सुमारास तिथे खुल्या तुरुंगाचा प्रयोग केला. गंभीर गुन्ह्यांतील कैद्यांना भिंती आणि बेड्यांवाचून, शेती करत राहू दिले. त्याच प्रयोगावरून गदिमांनी कथा लिहिली आणि व्ही. शांताराम यांनी १९५७ मध्ये 'दो आँखें बारह हाथ' काढला. त्यातही डोळेच आहेत, पण ते कैद्यांवर विश्वास टाकणाऱ्या जेलरचे डोळे आहेत, आणि पळून जाणे शक्य असतानाही ते सहा खुनी परत येतात. मनात रुतलेली ती नजर हीसुद्धा एक प्रकारची सक्तीच नव्हे का, असे तुमचा मुलगा कदाचित म्हणेल. विचारू दे त्याला. माझे उत्तर असे आहे की त्या सहा जणांना दार उघडे होते, आणि ॲलेक्सला नव्हते. तुमच्या घरात हा चित्रपट सगळ्यांनी पाहिलेला असणार. बापलेकांनी तो पुन्हा एकत्र पाहिला, तर माझ्या या पत्रापेक्षा त्याचा अधिक उपयोग होईल.

मुलाला आणखी एक गोष्ट ठाऊक नसण्याची शक्यता आहे, आणि ती तुम्ही सांगितलीत तर तो चकित होईल. बर्जेसच्या मूळ कादंबरीत एकवीस प्रकरणे आहेत. त्या काळी इंग्लंडमध्ये माणूस एकविसाव्या वर्षी सज्ञान मानला जाई, म्हणून त्याने तो आकडा मुद्दाम धरला होता. शेवटच्या प्रकरणात ॲलेक्स अठरा वर्षांचा आहे. कोणताही उपचार, कोणतीही शिक्षा नसताना त्याला मारामारीचा आपोआप कंटाळा येतो. जुना मित्र बायकोसह भेटतो, आणि आपल्यालाही घर असावे, मूल असावे असे त्याला वाटू लागते. अमेरिकी प्रकाशकाने हे प्रकरण गाळून पुस्तक छापले, क्युब्रिक यांनी त्याच आवृत्तीवरून चित्रपट रचला, आणि म्हणून चित्रपटाच्या शेवटी सरकार ॲलेक्सवरचा उपचार उलटवते तेव्हा तो जिथून निघाला होता तिथेच परत पोहोचतो. अमेरिकेतील वाचकांना ते प्रकरण १९८६ साली, चोवीस वर्षांनी वाचायला मिळाले. क्युब्रिक यांना ते नंतर कळले, पण पटले नाही. मोठे होण्यानेच माणूस सुधारतो हे त्यांना फार सोपे वाटले असावे. मला मात्र ते प्रकरण हवे वाटते. इतक्या वर्षांत मी अनेक दांडगट मुलांना कोणी काही विशेष न करता, केवळ कोणीतरी दार लावून न घेतल्यामुळे, शांत गृहस्थ झालेले पाहिले आहे. तुमचा मुलगा वाचणारा असेल तर ते एकविसावे प्रकरण असलेली प्रत त्याला भेट द्या.

आता पोस्टर. खोली त्याची आहे, भिंतही त्याची आहे; राहू द्या. ते पाहून तुम्हाला त्रास होत असेल, तर तो नसताना खोलीचे दार ओढून घ्या आणि आल्यावर त्याला तसे सांगा. 'मला याचा त्रास होतो' असे आईने म्हणणे ही बंदी नसते. फाडायचे मात्र नाही, आणि यजमानांनाही फाडू देऊ नका.

राहिले बोलणे. 'तुला असले घाणेरडे कसे आवडते?' या प्रश्नाने सुरुवात केलीत तर पहिल्या मिनिटाला सगळे संपेल. 'मी पाहायला बसले होते आणि अमुक ठिकाणी बंद केला' असे सांगा आणि गप्प बसा. तो कदाचित म्हणेल, 'आई, तू मूळ मुद्द्यापर्यंत पोहोचलीच नाहीस.' त्याला मुद्दा सांगू द्या, मध्ये बोलू नका, आणि सांगताना तो कसा खुलतो ते पाहा. त्याचे सांगून संपले की एकच प्रश्न विचारा : त्या लेखकाच्या पत्नीचे पुढे काय झाले?

मी ज्या ज्या मुलांना हे विचारले, त्यांतल्या बहुतेकांना आठवले नाही. मलाही दुसऱ्यांदा पाहतानाच ते ऐकू आले. ॲलेक्स पुढे त्याच घरात आश्रयाला येतो तेव्हा चाकाच्या खुर्चीत बसलेला तो लेखक सांगतो की ती काही महिन्यांनी वारली; डॉक्टर म्हणाले फ्लूच्या साथीत न्यूमोनिया झाला, पण ती कशाने गेली हे त्याला माहीत होते. दोन-चार वाक्यांत ते संपते आणि कथा पुन्हा ॲलेक्सकडे वळते. मुलाला तो भाग परत पाहायला सांगा, आणि पाहून झाल्यावर तुम्हाला फोन करायला सांगा.